घरचं शास्त्र (भाग 7) : डिशवॉशरच्या तळाचा गाळ

मागच्या आठवड्यात तांब्या-पितळेची भांडी झाली. आमसुलाच्या कोळातल्या आम्लानं तांब्यावरचा काळा थर कसा सुटतो आणि राखेतल्या अल्कलीनं तेलकट पातेलं कसं स्वच्छ होतं, ते आपण पाहिलं. ही दोन कारणं लक्षात ठेवा, आज ती पुन्हा लागणार आहेत. आजचा विषय आहे भांडी धुणाऱ्या यंत्राचीच सफाई.

आमच्या राजापूरच्या घरी डिशवॉशर आला तो 2020 च्या टाळेबंदीनंतर. गेल्या पौषात त्यानं त्रास द्यायला सुरुवात केली. पेले धुऊन निघत, पण नाकाशी नेले की बांगड्याचा वास. मी पावडर वाढवली, तरी फरक पडेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, पावडर कसली वाढवतेस? आत काय साचलंय ते बघ आधी."

खालचा कप्पा बाहेर काढला, तळाची जाळी फिरवून उपसली. भाताची शितं, खोबऱ्याचा चोथा, माशाचा एक काटा आणि या सगळ्याला धरून ठेवणारा मेणासारखा पांढरट थर हाताला लागला. तो थर होता खोबऱ्याच्या तेलाचा. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या आमटीत नारळ, माशाच्या कालवणात नारळ, सोलकढीत नारळ. गरम पाण्यात सुटलेलं ते तेल यंत्र गार झाल्यावर जाळीवरच थिजत होतं.

हे यंत्र भांडी घासत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंना 1886 मध्ये ज्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यात भांडी जाळीच्या कप्प्यांत उभी करून त्यांवर पाण्याचा जोरदार मारा होत असे. आजही तत्त्व तेच आहे. गरम पाणी, पावडर आणि फिरत्या पात्यांतून सुटणाऱ्या धारा एवढ्यावर सगळं चालतं. शिवाय एकदा आत घेतलेलं पाणी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवतं, म्हणून एका खेपेला साधारण 10 लिटर पाणी पुरतं. ते प्रत्येक फेरीत जाळीतूनच जातं. जाळीत कालचा बांगडा असेल, तर तो आजच्या पेल्यांवर शिंपडला जाणारच.

यंत्रातली घाण तीन प्रकारची असते. पहिला गाळ, म्हणजे शितं, चोथा, काटे. तो हातानंच काढायचा, दुसरा इलाज नाही. दुसरा तेलकट थर. त्याला अल्कली लागते. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट जे काम करायचं, तेच सौम्यपणे खाण्याचा सोडा करतो आणि जास्त जोरानं धुण्याचा सोडा करतो. तिसरा पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्लच लागतं. तेलावर लिंबू आणि क्षारावर सोडा कितीही चोळला तरी उपयोग होत नाही.

राजापुरातल्या पाण्याबद्दल इथे थोडं थांबायला हवं. जांभ्या दगडाच्या या मुलखात मुसळधार पावसानं जमिनीतला चुना कधीच धुऊन नेला आहे. त्यामुळे इथलं पाणी बहुधा मऊ असतं. पुण्या-सोलापूरकडच्या बोअरवेलसारखा बादलीला पांढरा थर धरत नाही. (खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट वेगळी.) म्हणून पेले धुरकट दिसले, की लगेच क्षाराला दोष देऊ नका. लिंबाची फोड पेल्याच्या एका बाजूला चोळा, पाच मिनिटं थांबा, धुऊन पुसा. तेवढी जागा लख्ख झाली, तर थर क्षाराचा होता. तशीच धूसर राहिली, तर बहुधा काचच झिजली आहे. मऊ पाणी, जास्त पावडर आणि जास्त उष्णता एकत्र आली की काच अशी झिजते, आणि ती झीज भरून येत नाही. तेव्हा पावडर कमी करा, आणि पाणी मऊ करण्याची सोय यंत्रात असेल तर ती सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा.

आता सफाईचा क्रम. आधी मेन स्विच बंद करा. जाळी काढून कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून वीस मिनिटं भिजवा, मग जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. तारेची घासणी नको, जाळीची भोकं फाटतात. जाळीखालच्या खळग्यात बोट घालण्याआधी नीट पाहा, कधी फुटक्या काचेचा तुकडा असतो. फिरती पाती काढून उजेडात धरा आणि बुजलेली भोकं झाडूच्या हिरानं मोकळी करा. आमच्याकडे त्यांत नारळाच्या शेंडीचे धागे निघाले. मग दाराभोवतीचं रबर. त्याच्या खालच्या घडीत पाण्याची धार पोचत नाही, म्हणून पावसाळ्यात काळी बुरशी धरते ती तिथेच. राजापुरी पंचाचा तुकडा सोड्याच्या पाण्यात बुडवून बोटावर गुंडाळा आणि घडीतून फिरवा. पातळ सुती विणीमुळे तो सगळीकडे शिरतो. मग कोरड्या पंचानं टिपून घ्या.

जाळी आणि पाती परत बसवून रिकाम्या यंत्राच्या तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा पसरा आणि सर्वांत गरम पाण्याची एक खेप चालवा. क्षार दिसत असतील तरच दुसऱ्या दिवशी दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घालून 50 ते 60 अंशांवर रिकामी खेप चालवा. दोन्ही एकाच वेळी घालू नका. फेस भरपूर येतो आणि काम होतंयसं वाटतं, पण आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात. मऊ पाण्याच्या घरी आम्लाची खेप वर्षातून दोन-तीनदा पुरे. जाळी मात्र दर आठवड्याला.

घरचं म्हणून काहीही आत घालू नये, हेही सांगायला हवं. आमसूल तांब्याला उत्तम, पण त्याचा लाल रंग प्लॅस्टिकच्या भागांवर बसतो, आणि कोकमाच्या आगळात मीठ असतं, ते स्टीलला बाधतं. राखेची खर पात्यांची भोकं बुजवते. पाणी मऊ करण्यासाठी असलेल्या मिठाच्या कप्प्यात मिठागराचं खडेमीठ घालू नका. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, जे काढायचे तेच आपण भरतो. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबर कडक होऊ शकतं. आणि ब्लीच आम्लाजवळ कधीही नेऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे.

रोजची काळजी याहून सोपी आहे. ताट आत ठेवण्याआधी उष्टं काढून टाका, कालवणाचं पातेलं केळीच्या पानाच्या तुकड्यानं किंवा कागदानं निपटा. काम झाल्यावर दार चार बोटं उघडं ठेवा.

राजापूरकरांना गाळाचं महत्त्व समजावून सांगायला नको. अर्जुना-कोदवली नद्यांच्या पात्रात गाळ साचला की पावसाळ्यात पाणी जवाहर चौकात चढतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पावसाआधी पात्र मोकळं करावं लागतं. तसंच आमच्या घरी आता दर रविवारी दुपारची भांडी लावण्याआधी जाळी निघते, आणि ती उजेडात धरून तपासायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे.

(पुढच्या भागात : पावसाळ्यात वॉशिंग मशीनला येणारा कुबट वास)