एकच पान, पत्ते अनेक

छापील अंकातला लेख एकाच पानावर असतो. संकेतस्थळावर मात्र तोच लेख 'एचटीटीपी'ने उघडतो आणि 'एचटीटीपीएस'नेही; आरंभीचे तीन 'डब्ल्यू' लिहिले तरी आणि गाळले तरी. वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि शेपूट जोडले की आणखी एक पत्ता जन्मतो. आपल्या दृष्टीने हे सारे एकच. शोधयंत्राला मात्र प्रत्येक पत्ता आधी स्वतंत्र पान म्हणूनच भेटतो.

याबद्दल गूगल शिक्षा करते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. नुकसान वेगळेच होते. इतरांनी दिलेले दुवे क्रमवारीत मोलाचे ठरतात. ते चार पत्त्यांत विभागले गेले, तर एकाही पत्त्याला पुरेसे वजन मिळत नाही. शोधयंत्राने ही पुनरावृत्ती ओळखली, तर ते स्वतःच एक पत्ता निवडते. तो आपल्याला हवा तोच असेल, याची खात्री नसते.

मराठीत यात एक भर पडते. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त जोडून, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही. संगणकासाठी मात्र ते दोन निराळे पत्ते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नंतर सुधारली, तर तिसरा.

उपाय तीन. पहिला, एक रूप ठरवून संकेतस्थळावरचे सगळे अंतर्गत दुवे त्याच रूपात देणे. दुसरा, अनावश्यक पत्त्यांवरून मूळ पत्त्याकडे '३०१' हे कायमचे पुनर्निर्देशन करणे. तिसरा, ते शक्य नसेल तिथे पानाच्या शीर्षभागात 'कॅनॉनिकल' खूण ठेवणे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९मध्ये ही खूण मानण्याचे एकत्र जाहीर केले. गूगलच्या दृष्टीने ती आज्ञा नव्हे, सूचना आहे. म्हणून दुवे एका पत्त्याकडे आणि खूण दुसऱ्याकडे, असे होऊ देऊ नये. जुळे पत्ते 'रोबोट्स' फाइलमध्ये अडवणे हाही उपाय नव्हे. पान वाचताच आले नाही, तर त्यावरची खूण शोधयंत्राला कशी दिसणार?

मोठ्या वृत्तस्थळांकडे ही कामे करायला माणसे असतात. हौसेने जुने अंक जालावर चढवणाऱ्यांकडे ती नसतात, आणि त्यांचेच लेख शोधात मागे पडतात. लेख चढवण्यापूर्वी पत्ता ठरवणे, एवढी शिस्त त्यांना पुरेशी आहे.