'फाल्कन' जहाजाची कामगिरी

अमेरिकी आरमाराच्या दप्तरात 'फाल्कन'ची नोंद १९१८ साली झाली ती सुरुंग काढणारे जहाज म्हणून. परंतु त्याची खरी कीर्ती 'एस-५१' व 'एस-४' या बुडालेल्या पाणबुड्या वर काढण्याच्या कामी ते तैनात झाले तेव्हापासूनची आहे.

२३ मे १९३९ रोजी पोर्ट्समथनजीक 'स्क्वालस' पाणबुडी सुमारे २४० फूट खोल तळाशी बसली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी 'फाल्कन'ने चहूबाजूंस नांगर टाकून नेमके तिच्या माथ्यावर ठाण मांडले, आणि एका पाणबुड्याने खाली उतरून तिच्या झाकणाला तार जोडताच, त्या तारेच्या आधाराने मॅकॅन बचावघंटेने चार फेऱ्यांत ३३ माणसे जिवंत वर आणली. शेवटच्या फेरीत घंटा ओढणाऱ्या तारेचे पदर एकेक करून तुटू लागले. तेव्हा यंत्र थांबवून खलाशांनी ती हातांनी, तसूतसूने वर घेतली. हे वाचताना माझे तळहात आजही घामेजतात! उरलेल्या २६ जणांना मात्र जलसमाधी मिळाली होती.

पुढे हेलियममिश्रित प्राणवायूवर बुड्या घेत 'स्क्वालस'ही वर काढण्यात आली. जुलैतला यत्न फसला, नाळ क्षणभर पाण्याबाहेर उसळून पुन्हा बुडाली. सप्टेंबरात ती बंदरास लागली आणि 'सेलफिश' या नव्या नावाने महायुद्धात लढली.