चाळीस लिटरचं पातेलं

अमेरिकेत १९७८ पर्यंत घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्यात बसत नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि पुढच्या वर्षापासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिअर करमाफ झाली. अट एकच, ती विकायची नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र त्यानंतरही २०१३ पर्यंत दार उघडलं नाही. महाराष्ट्रात अजूनही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरच्यापुरतीही बिअर बनवता येत नाही. तेव्हा हा लेख तिकडे स्थायिक झालेल्या आणि या छंदात पडू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. इकडच्यांनी स्टीलपुरता वाचला तरी चालेल.

या छंदात पहिला मोठा खर्च येतो तो उकळायच्या भांड्याचा. तिकडे त्याला केटल म्हणतात, पण आहे ते सरळ कडांचं मोठं पातेलंच. कृती बहुतेक ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या असतात, म्हणून नवखा माणूस वीस लिटरचं भांडं उचलतो. तिथेच फसतो. माल्ट केलेल्या बार्लीचा गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर रटरटा उकळावा लागतो, कारण हॉप्स या फुलांचा कडवटपणा उतरायला तेवढा वेळ जातो. त्या तासात तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन जातं. तळाशी हॉप्सचा चोथा आणि साका राहतो, त्यात आणखी लिटरभर जातं. म्हणजे सुरुवात चोवीस-पंचवीस लिटरने करावी लागते. वर झाकण ठेवायचं नाही, नाहीतर डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर न जाता परत आत ठिबकतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

पहिली उकळी फुटायच्या सुमाराला बार्लीतली प्रथिनं फेसाळून वर येतात आणि दूध उतू जावं तसा वर्ट उतू जातो. फरक इतकाच की हा पाक शेगडीवर जळून बसला की खरवडून काढताना संध्याकाळ जाते. म्हणून पंचवीस लिटरला तीस लिटरचं भांडं हे किमान, चाळीसचं सुखाचं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पद्धतीने दाणे पिशवीत घालून त्याच भांड्यात भिजवायचे असतील, तर चाळीसच्या खाली जाऊच नये. तयार माल्टचा अर्क आणून अर्ध्याच पाण्यात उकळणाऱ्याला वीस लिटर पुरतात. पण या छंदातली माणसं फार दिवस अर्कावर थांबत नाहीत.

भांडं घेण्याआधी आग मोजा. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २.३ युनिट ऊर्जा लागते. नंतर तासाला चार लिटर वाफ काढायची, तर अडीच किलोवॉट उष्णता सतत भांड्यात शिरायला हवी. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या एका बर्नरची बरीचशी आच भांड्याच्या कडेने वर निघून जाते, त्यामुळे मोठं भांडं त्यावर नुसतं कढत राहतं, उकळत नाही. म्हणून लोक अंगणात प्रोपेनचा बर्नर लावतात किंवा भांड्यातच २४० व्होल्टचा साडेपाच हजार वॉटचा कॉइल बसवतात. प्रोपेन बंद गराजमध्ये कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता स्टील. आपल्याकडे भांडीवाल्याच्या दुकानात चुंबक लावून बघायची जुनी सवय आहे. ती अर्धवटच उपयोगी. चुंबक चांगला चिकटला, तर भांडं निकेल नसलेल्या ४३० जातीचं असू शकतं. पण न चिकटला म्हणून ते ३०४ ठरत नाही. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि ते गंजाला लवकर बळी पडतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा अदृश्य थर लोखंडाचं रक्षण करतो. क्लोरीनचा ब्लीच रात्रभर भरून ठेवला किंवा तारेच्या घासणीने घासलं, तर त्या थराची वाट लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला टिकणारं महाग ३१६ इथे लागतच नाही.

बुडाकडे मात्र कंजुषी नको. अॅल्युमिनियम स्टीलच्या दहापट तरी जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून पातळ स्टीलच्या बुडाला ज्योतीच्या वरच्या जागी माल्टचा अर्क करपतो. दोन स्टीलच्या थरांत अॅल्युमिनियम दाबलेलं बूड घेतलं की आच पसरते. इंडक्शनवर ठेवायचं असेल, तर त्याच बुडाला चुंबक चिकटायलाच हवा. निव्वळ अॅल्युमिनियमचं भांडंही वाईट नाही, टर्की तळायच्या पातेल्यात हजारो लोकांनी सुरुवात केली. पण धुण्याच्या सोड्यासारखी क्षारयुक्त पावडर त्याला चालत नाही, आणि या कामात अशाच पावडरींनी धुवावं लागतं.

पंचवीस लिटर उकळता पाक हातांनी ओतणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण, म्हणून नळ हवाच. तो तीन तुकड्यांत उघडणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या. काही वेळा वापरलेला नळ खोलून बघितला, की आतल्या गोळ्यामागे तपकिरी, चिकट थर दिसतो आणि आंबट वास येतो. न उघडणाऱ्या नळात तो तसाच राहतो आणि थंड झालेला वर्ट त्यावरूनच वाहतो. भांड्याच्या अंगावरचा गोल थर्मामीटर दिसायला झकास. पण उकळी डोळ्यांना दिसते, तिथे तो काय सांगणार? ते पैसे आतल्या बाजूला कोरलेल्या लिटरच्या खुणांवर घाला.

बिअरच्या कारखान्याचं जुनं पिंप वरून कापून वापरणारेही आहेत. दुकानात भरलेली अनामत म्हणजे किंमत नव्हे, पिंप कारखान्याचंच असतं. खरेदीची पावती असेल तरच हात लावा.

बजेट तोकडं असेल, तर बिननळाचं, पण जाड बुडाचं चाळीस लिटरचं भांडं घ्या. नळ पुढे स्टेप ड्रिलने भोक पाडून सिलिकॉनच्या रिंगेवर घट्ट बसवता येतो, त्याला वेल्डर लागत नाही.