संगणकाच्या पडद्यावरील दोन संसार

घाटनांदूरचे स्थानक विकाराबाद-परळी या रुंद मार्गावरचे. तरी लातूरकडे ये-जा केलेल्या जुन्या मंडळींस बार्शी लाईटची चिमुकली गाडी आठवत असेल. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, मुंबई-मद्रास मार्गाचे साडेपाच फूट. त्यामुळे कुर्डुवाडीस प्रत्येक गोणी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. गाड्या दोन्ही चांगल्या. अडचण सांध्याची होती. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या वाट्यासही असेच एक कुर्डुवाडी आले.

लिनक्स हा संगणकाचा गाभा. आपणांस पडद्यावर खिडक्या, चित्रे, याद्या दिसतात ती व्यवस्था निराळी. मॅथियास एट्रिख या जर्मन तरुणाने 1996 मध्ये 'केडीई' नावाची अशी व्यवस्था उभारावयास घेतली. परंतु ती ज्या 'क्यूट' सामग्रीवर रचली होती तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून 1997 मध्ये मेक्सिकोच्या मिगेल द इकाझा व फेदेरिको मेना यांनी 'नोम' सुरू केले. 2000 साली क्यूटही मुक्त परवान्याने मिळू लागले. भांडणाचे कारण गेले, चुली मात्र दोनच राहिल्या!

त्याच वर्षी हॅवॉक पेनिंग्टन यांनी दोन्ही घरांसाठी सामाईक संकेत ठरविण्याचे व्यासपीठ काढले. प्रत्येक कार्यक्रमाबरोबर एक छोटी चिठ्ठी ठेवावी, तीत त्याचे नाव, चित्र व तो सुरू करण्याची आज्ञा असावी, असा त्यांतला एक संकेत. त्या चिठ्ठीत मराठी नावासाठी वेगळी ओळ लिहिता येते. ती लिहिली की दोन्ही घरांतील यादीत तेच नाव दिसते.

सोयीबद्दल मात्र दोघांचे एकमत नाही. 2002 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नोमने पर्याय कमी करून नवख्याचा गोंधळ टाळला. केडीईने हवे तसे मांडून घेण्याची मुभा राखली. मला नवशिक्यासाठी पहिली रीत बरी वाटते. पण कळ कोठे दडविली हे शोधण्यात सकाळ गेली की मत बदलते. शिवाय एकीकडे 'जतन करा' आणि दुसरीकडे 'साठवा' असे असेल, तर शिकलेला माणूसही अडखळतो. नेहमीचे असे शब्द भाषाभाषांत एकसारखे ठरविण्यासाठी 2008 मध्ये 'फ्युएल' प्रकल्प निघाला.

आता आपल्या लिपीची गोष्ट. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या पाहावयास बालाघाटात जावे. हा भेद मराठीस हवाच. अक्षरे जोडून आकार देण्याचे काम नोमकडे 'पँगो' करी, केडीईकडे क्यूट. मूळ एकच असून दोघांनी आपापल्या परीने बदललेले. एकीकडे नीट दिसलेला शब्द दुसरीकडे तसाच दिसेल याची शाश्वती नसे. पुढे दोहोंचे काम एकत्र करून 'हार्फबझ' तयार झाले. आज दोन्ही घरे तेच वापरतात, अँड्रॉइड फोनही.

पण याने जुने ओझे हलके होत नाही. वडिलांच्या आठवणी मी चाळीस पाने टंकल्या होत्या, त्या युनिकोडपूर्व टंकात. तेथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. नव्या यंत्रावर सारे इंग्रजी कडबोळे दिसले. रूपांतर करून घेतले, तर बऱ्याच 'ऱ्या'चे 'र्या' झाले होते. आता मूळ वही समोर ठेवून एकेक शब्द ताडतो आहे. अकरा पाने उरली आहेत.