ब्रेकचा स्विच आणि अडलेली गीअरपेटी

स्वयंचलित गीअरपेटी असलेली एखादी मोटार सकाळी बाहेर काढावयाची असते. चालक किल्ली फिरवितो, इंजिन सुरू होते, ब्रेकचे पेडलही तो दाबतो. परंतु गीअरचा दांडा ‘पी’ या उभे राहण्याच्या स्थानावरून हलत नाही. गीअरपेटीच बिघडली, असा तर्क प्रथम मनात येतो आणि ती खोलण्याचा मोठा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा वेळी इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, किल्ली पुन्हा विद्युत्प्रवाहाच्या स्थानी आणावी आणि दुसऱ्या कोणाकडून एवढेच पाहून घ्यावे, की पेडल दाबताच मागील तांबडे दिवे लागतात काय. पुष्कळदा बिघाडाचा निम्मा उलगडा येथेच होतो.

दिव्यांचा आणि दांड्याचा हा संबंध कसा जडला? १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा तक्रारी वाढल्या, की उभी असलेली मोटार गीअर टाकताच एकाएकी धावू लागते. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या १९८९ च्या अहवालाने निष्कर्ष काढला, की अशा पुष्कळ घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी प्रवेगकावर पडलेला असावा. ब्रेक दाबल्यावाचून दांडा ‘पी’वरून हलूच नये, अशी खीळ मोटारींत बसविली जाऊ लागली. १ सप्टेंबर २०१० पासून तयार होणाऱ्या हलक्या मोटारींत ही व्यवस्था अमेरिकेत कायद्याने आवश्यक झाली.

ही खीळ एका विद्युच्चुंबकाने चालते. ब्रेक दाबला असल्याची वर्दी तिला बहुतेक मोटारींत पेडलच्या वरच्या टोकाशी बसविलेल्या एका लहानशा स्विचकडून मिळते. पेडल वर असताना स्विचमधील स्पर्शबिंदू अलग असतात. पेडल खाली जाताच ते जुळतात, दिवे लागतात आणि खीळ सुटते. पुष्कळ मोटारींत हीच वर्दी गीअरपेटीच्या नियंत्रकासही जाते. वेगात धावताना टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लच इंजिन आणि गीअरपेटी यांना थेट जखडून इंधन वाचवितो. ब्रेक दाबताच तो सुटावा लागतो. तात्पर्य, एका स्विचवर तीन कामे अवलंबून असतात.

म्हणून लक्षणे एकत्र ठेवून विचार करावा. दिवे लागत नाहीत आणि दांडाही हलत नाही, तर दोष दोहोंस सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे फ्यूजमध्ये किंवा स्विचमध्ये शोधावा. दिवे लागतात पण दांडा अडतो, तर स्विचवरील संशय कमी होतो आणि खिळीचा विद्युच्चुंबक किंवा तिची तार तपासावी लागते. पाय उचलल्यावरही दिवे विझत नसतील, तर स्विच सरकलेला किंवा आत चिकटलेला असण्याचा संभव असतो. अशा स्थितीत क्लच जखडत नाही व इंधन अधिक जळते, खीळ ब्रेकवाचून सुटू शकते आणि उभ्या मोटारीची बॅटरीही उतरते.

पुढील पायरी मोजणीची. फ्यूज जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तोही जळल्यास एखादी तार मोटारीच्या सांगाड्यास चिकटली आहे काय, हे शोधावे. फ्यूज शाबूत असल्यास स्विचच्या दोन्ही तारांवरील विद्युद्दाब व्होल्टमापकाने पाहावा. पेडल दाबल्यावर एका तारेवर १२ व्होल्ट आणि दुसरीवर शून्य आढळले, तर दोष स्विचचा होय.

येथे एक फसगत संभवते. व्होल्टमापक अत्यल्प प्रवाह घेतो. त्यामुळे दिव्यांची जोडणी काढून मोजल्यास जळकट स्पर्शबिंदूंमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. परंतु २१ वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह मागतात. स्विचमध्ये एक ओहम एवढाच रोध निर्माण झाला असला, तरी तेथे दोन व्होल्टांहून अधिक दाब खर्ची पडतो. दिवे मंदावतात आणि विद्युच्चुंबकाचे बळही कमी पडते. यास्तव दिवे जोडलेले असतानाच मोजणी करावी.

पुष्कळ मोटारींत दांड्याजवळ एक लहान झाकण असते. त्याखालील कळ दाबली असता खीळ हाताने सोडविता येते. ही सोय अडचणीतून सुटण्यापुरती आहे. गीअर पडला, मोटार चालू लागली, की चालक निश्चिंत होतो. परंतु स्विच निकामी असेल, तर ब्रेक लागताना मागील दिवे अंधारेच राहतात आणि पाठीमागून येणाऱ्या चालकास थांबण्याची सूचना मिळत नाही. अडलेला दांडा ही वस्तुतः त्याच धोक्याची पूर्वसूचना असू शकते. म्हणून मोटार रस्त्यावर नेण्यापूर्वी मागील दिवे अवश्य पाहावेत.