चौथ्या मेचा श्लेष

‘स्टार वॉर्स’ हा विज्ञानरम्य चित्रपट अमेरिकेत प्रथम झळकला तो २५ मे १९७७ रोजी. त्याचे चाहते मात्र आपला सण ४ मे रोजी साजरा करतात. असे का, याचे उत्तर पंचांगात नाही. ते भाषेत आहे.

या चित्रपटातील पात्रे ‘फोर्स तुझ्या पाठीशी असो’ असा आशीर्वाद देतात. इंग्रजीत या वाक्याचा आरंभ ‘मे’ या इच्छादर्शक क्रियापदाने होतो. त्यापुढील ‘फोर्स’च्या जागी ‘फोर्थ’, म्हणजे चौथा, हा शब्द घातला की आशीर्वादाची तारीख होते. ४ मे १९७९ रोजी मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांच्या पक्षाने लंडनच्या एका वृत्तपत्रात दिलेल्या अभिनंदनाच्या जाहिरातीत हाच श्लेष योजला होता.

आता या शब्दांची कुळे पाहू. ‘मे’ हे महिन्याचे नाव लॅटिनमधून आलेले. क्रियापद ‘मे’ हे सामर्थ्य दर्शविणाऱ्या एका जुन्या इंग्रजी धातूपासून झालेले. ‘फोर्स’चे मूळ लॅटिन ‘फोर्तिस’, म्हणजे बलवान. ‘फोर्थ’ मात्र जर्मानिक शाखेतील असून संस्कृत ‘चतुर्थ’ आणि आपला ‘चौथा’ हे त्याचे दूरचे भाऊबंद होत! जे शब्द कानाला जुळे वाटले ते परके निघाले. जो परका वाटला तो नात्यातला ठरला.

कानावर विसंबल्याने काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००५ साली चित्रपटाचे जनक जॉर्ज ल्यूकस यांची मुलाखत जर्मन दूरचित्रवाणीवर झाली. त्यांनी उच्चारलेल्या आशीर्वादाचे भाषांतर दुभाष्याने ‘४ मे रोजी आम्ही आपल्याकडे असू’ असे केले.

मराठी अनुवादकापुढील पेच निराळा आहे. पदार्थविज्ञानात ‘फोर्स’ म्हणजे बल. वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार. ‘शक्ती’ म्हणजे कार्य करण्याचा दर. चित्रपटातील ‘फोर्स’ यांपैकी काहीच नव्हे; ती सर्व सजीवांना व्यापणारी एक काल्पनिक गूढशक्ती आहे. तेथे ‘बल’ लिहिले, तर शाळकरी वाचक न्यूटनचे सूत्र तिला लावू पाहील. म्हणून कथेत ‘फोर्स’ हा शब्द तसाच ठेवावा आणि ‘बल’ विज्ञानासाठी राखावे, हे बरे. श्लेष हा करमणुकीचा अलंकार आहे. परिभाषेत मात्र एका शब्दाला एकच अर्थ असावा लागतो.