गाडीच्या पोटात (भाग १४) : लाल दिवा विझत नाही तेव्हा

गेल्या आठवड्यात इंजिनखालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग घरच्या घरी कसं बदलायचं ते लिहिलं. बोल्ट काढायचे, पत्रा खाली घ्यायचा, घासून स्वच्छ करायचा, नवं पॅकिंग लावून पुन्हा कसायचा आणि ऑइल भरायचं. त्यानंतर पहिल्यांदा गाडी चालू करतानाच्या पाच सेकंदांबद्दल मात्र लिहायचं राहून गेलं. ती चूक आज भरून काढतो, कारण त्या पाच सेकंदांत ऑइलचा लाल दिवा विझला नाही, तर गाडी जाऊ शकते.

माझ्या भाच्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. एका रविवारी त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेंबर उतरवून पॅकिंग बदललं आणि संध्याकाळी मला फोन केला, “मामा, ऑइलचा दिवा विझत नाहीये.” मागे इंजिनचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी म्हटलं, “आधी बंद कर. मग बोल.”

ऑइलचा लाल दिवा बाकीच्या दिव्यांसारखा नाही. बॅटरीचा दिवा लागला तरी बऱ्याचदा घरी पोचता येतं, पण या दिव्यापुढे जाऊन पाहण्याची सोय नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशांएवढी फट असते, केसाच्या जाडीहूनही कमी. फिरणारा क्रँक त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो. थर गेला की धातूला धातू लागतो आणि बेअरिंग खाल्लं जातं. गॅरेजमध्ये ज्याला ‘इंजिन जाम झालं’ म्हणतात, त्याची सुरुवात अनेकदा इथेच होते.

हा दिवा उशिरा बोलतो, हेही पक्कं लक्षात ठेवा. तो एका साध्या स्विचवर चालतो. बहुतेक गाड्यांत दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली, म्हणजे चार ते सात पीएसआयवर घसरला की तो लागतो. टायरमध्ये आपण तीस पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही, तो अगदीच गेलेला नाही एवढंच. आणि दिवा विझत नसेल तर स्विच खराब असेल, वायर कुठेतरी बॉडीला टेकली असेल, किंवा दाब खरोखरच नसेल. बरेच जण पहिल्या दोन शक्यतांवर भिस्त ठेवून गाडी चालवत राहतात, कारण त्या स्वस्त आहेत. कृपा करून तसं करू नका. तिसरी शक्यता खोटी ठरेपर्यंत तीच खरी मानून चाला.

मी पोचलो तेव्हा गाडी स्टँडवर होती. आधी ऑइलची पट्टी पाहिली, पातळी वरच्या खुणेवर. खाली गळती नव्हती. फिल्टर बदलला असेल तर इथेच एक गोष्ट तपासायची. जुन्या फिल्टरचं रबरी पॅकिंग कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसतो. दोन रबरं एकावर एक आली की दाबाखाली ती सरकतात आणि सगळं ऑइल जमिनीवर येतं. इथे तसं नव्हतं, भाच्याने फिल्टरला हातच लावला नव्हता.

मग स्विचची वायर काढून इग्निशन दिलं. दिवा लागला नाही, म्हणजे वायर ठीक. स्विच काढून त्याच जागी साधं यांत्रिक गेज लावलं. ते गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणता येतं, फक्त आटा जुळवून घ्या. इंजिन पुन्हा चालू करायचंच नव्हतं. कॉइलची मधली वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवली, तिन्ही स्पार्क प्लग काढले (म्हणजे क्रँकवरचा भार हलका होतो) आणि दहा सेकंद सेल्फ मारला. इंजेक्शनच्या गाडीत आधी इंधनपंपाचा फ्यूज काढा. प्लग काढल्यावर स्टार्टर इंजिन बऱ्यापैकी जोरात फिरवतो, ऑइल असेल तर गेजचा काटा उठायलाच हवा. आमचा काटा शून्यावरून हलला नाही.

अशा वेळी लोक लगेच पंपाला दोष देतात. पण पंप ऑइल ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे, नळीच्या तोंडावर बोट ठेवल्यावर पाणी जोरात उडतं तसा. त्यामुळे पंपाकडून ऑइल येतंय आणि पुढे कुठे निसटतंय, की मुळात येतच नाहीये, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर फिल्टर देतो. मी फिल्टर काढला. आतल्या कागदाला जुन्या ऑइलचा ओलावा होता, पण नवं ऑइल थेंबभरही आलं नव्हतं. भरलेला निघाला असता तर बेअरिंगकडे किंवा ऑइलच्या वाटेवर उघड्या राहिलेल्या एखाद्या प्लगकडे वळलो असतो. रिकामा निघाला, म्हणजे गडबड पंपात किंवा पंपाच्या अलीकडे, ऑइल ओढण्याच्या बाजूला.

मी विचारलं, “चेंबर काढल्यावर अजून काय काय उघडलंस?” तो जरा थांबून म्हणाला, “जाळी घाण होती, म्हणून ती काढून धुतली.”

चेंबरच्या तळाशी ती जाळी बसते, आणि तिची नळी पंपाला जिथे जोडलेली असते तिथे एक छोटी रबरी रिंग असते. शहाळं पिताना स्ट्रॉला वरच्या बाजूला चीर असेल तर पाणी वर येत नाही, नुसती हवा येते. पंपाचंही तसंच. चेंबर पुन्हा उतरवला. रिंग कडक पडली होती, बसवताना एका बाजूने चिमटून कापली गेली होती. बोटावर घेऊन वाकवली तर दोन तुकडे झाले. शिवाय पॅकिंगला दोन्ही बाजूंनी लावलेलं सिलिकॉन आत दाबलं जाऊन लोंबत होतं आणि त्याचे राखाडी तुकडे माशाच्या खवल्यांसारखे जाळीवर चिकटले होते. आज रिंगने घात केला, महिन्याभराने या खवल्यांनी केला असता. सिलिकॉन लावायचंच तर बारीक धारेएवढं पुरे. बाहेर ओघळलेलं दिसतं, आत ओघळलेलं दिसत नाही.

नवी रिंग ऑइल लावून बसवली. पंप कोरडा राहिला की त्याच्या दातांमधून हवा निसटते आणि तो ऑइल ओढत नाही, म्हणून नळी जोडण्याआधी त्या भोकातून पंपात ऑइल सोडलं. फिल्टरही भरून लावला, जाळी आणि चेंबर साफ करून पुन्हा कसला आणि ऑइल भरलं. कॉइलची वायर तशीच धातूला टेकलेली ठेवून पुन्हा सेल्फ मारला. सातव्या सेकंदाला काटा थरथरला आणि वर चढला. मग प्लग आणि वायर लावून इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना काटा चाळीस पीएसआयच्या वर होता. हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय हा जुना अंदाज आहे, नेमका आकडा मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

दिवा लागलेला असताना भाच्याने इंजिन किती वेळ चालवलं, हा प्रश्न उरलाच होता. तो म्हणाला, पंधरा सेकंद. आठवड्याभराने ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून काढलं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडला आणि चुण्या एकेक करून पाहिल्या. बेअरिंग घासलं असतं तर तिथे चमकी दिसली असती. कागद काळा होता, पण कुठेही चमकत नव्हता.

पुढच्या आठवड्यात : टायमिंग बेल्ट बदलताना खुणा कशा जुळवायच्या.